भीमाशंकरच्या रस्त्यावर पाखरं कोण हाकत होतं?

उजवा पाय दोन दगडांच्या मध्ये अडकलेला, छातीला दगडाचा मार बसलेला, तोंडात माती. श्वास आत जात होता पण त्याचा आवाज होत नव्हता. खाली बघितलं तर कारवीचे शेंडे दिसत होते, आणि त्यांच्या खाली काहीच दिसत नव्हतं. वर बघितलं तर पंधरा-वीस हातांवर रस्त्याची कड, आणि कडेवर आमचे मालक. माझ्याकडे पाठ करून उभे. डोळा कॅमेऱ्याला लावलेला.

मी हाक मारली. म्हणजे तोंड उघडलं. आवाज निघालाच नाही. आणि निघाला असता तरी उपयोग नव्हता, कारण माझा नवरा ठार बहिरा होता.

असा तो प्रसंग. आता पहिल्यापासून सांगते.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. या सदरात लोक लिहितात ते मी वाचते आणि बरेचदा हसते. मागे एकाने पांढऱ्या साडीतली बाई रस्त्यात दिसली म्हणून दोन पानं लिहिली होती. पांढऱ्या साडीतली बाई म्हणजे विधवा असते बाबा. मीही आता फिकट साड्या नेसते, आणि पहाटे दूध आणायला जाते. मला बघूनही कुणीतरी दोन पानं लिहिली असतील. मला कधी भूत दिसलं नाही, कधी कुणी अंगात आलं नाही, आणि आलेल्या बायकांना मी जवळून बघितलं आहे, त्यांना बहुतेक वेळा सासूवर राग असतो. तरी ही एक गोष्ट मला आजवर सुटलेली नाही, म्हणून लिहिते आहे.

एकोणऐंशी-ऐंशीचा हिवाळा. आम्ही आकुर्डीला दोन खोल्यांत राहायचो. मालक कंपनीत फोर्जिंगला, हॅमरवर. ज्यांनी तो हॅमर ऐकला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. तापलेल्या लोखंडावर तो पडला की बाहेर झाडाखाली ठेवलेल्या चहाच्या ग्लासात लाटा उठायच्या. हे लोक कानात कापूस घालायचे आणि तेवढ्यावर भागवायचे. अकरा-बारा वर्षांत ह्यांचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी कुजबुज गेली, मग पोरांचं बोलणं गेलं, मग माझं. एक दिवस सकाळी कंपनीचा भोंगा होऊन गेला, आळीतली सगळी माणसं डबे घेऊन पळाली, आणि हे निवांत दाढी करत बसले होते. त्या दिवशी मला कळलं की आता काही उरलेलं नाही.

त्याच सुमाराला कंपनीतले एक साहेब बदलून गेले. जाताना त्यांनी एक जुना रशियन कॅमेरा, त्याची लांब लेन्स आणि पक्ष्यांचं एक पुस्तक ह्यांना देऊन टाकलं. का दिलं ते त्या साहेबांनाच माहीत. ह्यांना वाटलं, पक्षी बघायला कान लागत नाहीत, आपल्याला जमेल. गुरुवारी कंपनीला सुट्टी. गुरुवार उजाडला की हे स्कूटर काढून कुठल्या तरी डोंगराला जायचे आणि रिकामा रोल घेऊन परत यायचे. तोंड एवढंसं.

"पुस्तकात दिसतो, झाडात दिसत नाही," म्हणायचे.

मी त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ मोठे हलवून सांगितलं, "झाडात तो आधी ऐकू येतो. मग दिसतो."

"मग तू चल."

"मला काय करायचंय पाखरं बघून? माझा जन्म गेला पाखरं हाकण्यात."

ते खरंच होतं. माझं माहेर चाकणच्या पुढे, खेडच्या अलीकडे. चौथी झाली आणि वडिलांनी हातात गोफण दिली, कारण ज्वारी राखायला घरात दुसरं माणूस नव्हतं. शेतात चार मेढी रोवून उंच माळा बांधलेला असायचा, त्यावर सकाळी दिवस उगवायच्या आधी चढायचं आणि ऊन तापेपर्यंत ओरडत राहायचं. थवा कुठे उतरला ते कणसांत दिसत नाही, आवाजावरून ओळखावं लागतं. त्यामुळे पाखरू कुठे बसलंय, किती लांब, खाली का शेंड्याला, हे मला डोळे मिटून कळायचं. नावं मात्र येत नव्हती. माझ्या लेखी पाखरांच्या दोन जाती, दाणा खाणारी आणि न खाणारी.

तर मी जायला लागले. पोरांना माहेरी आईपाशी सोडायचं, बुधवारी संध्याकाळी तिथे मुक्काम, आणि गुरुवारी पहाटे स्कूटरवर पुढे. मागून गाडीचा हॉर्न आला की मी ह्यांच्या उजव्या खांद्यावर थाप मारायची, मग हे बाजू द्यायचे. अशी आमची स्कूटर चालायची... ह्यांचे हात आणि माझे कान.

रानात थाप मारून चालत नाही, कॅमेरा हलतो. म्हणून ह्यांनी सुतळी आणली. एक टोक ह्यांच्या पट्ट्याला, एक माझ्या मनगटाला. एकदा ओढली की उजवीकडे, दोनदा ओढली की डावीकडे, लांब ओढली की वर. गुराखी आम्हाला बघून हसायचे. एक म्हातारा तर म्हणाला होता, "बाईनं नवरा चारायला आनलाय!" मी ते ह्यांना सांगितलं तेव्हा हे इतके हसले की समोरचा पक्षी उडून गेला.

पक्षी उडून गेला की मात्र ह्यांचा चेहरा बघवत नसे. एकदा पायाजवळून साप गेला म्हणून मी किंचाळले, तर दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी म्हणतात, "साप जात होता ना त्याच्या वाटेनं? तुला कशाला ओरडायला पाहिजे होतं?" तेव्हापासून मी नियम केला. कॅमेरा डोळ्याला लागला की काही झालं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. पक्षी बोलत असला की हे माझ्याकडे वळून तळहात पुढे करायचे. मी त्यावर बोटानं तो बोलतो तसं वाजवून दाखवायची. तांबट असेल तर सारखं टुक-टुक-टुक, होला असेल तर थांबून-थांबून. हे डोळे मिटून ते हातावर घ्यायचे. लोकांसमोर मला त्याची लाज वाटायची.

त्या हिवाळ्यात ह्यांना कर्णा पाहिजे होता. हा लाल छातीचा, काळ्या डोक्याचा पक्षी, पुस्तकात त्याच्या पानाचा कोपरा दुमडून दुमडून फाटला होता. भीमाशंकरच्या रानात तो असतो. दोन हिवाळे आम्ही त्याच्यामागे होतो. मी त्याचा आवाज तीनदा ऐकला होता, ह्यांना तो एकदाही दिसला नव्हता. गंमत म्हणजे ह्यांचे रोल काळे-पांढरे. मी म्हटलं, लाल पाखराचा काळा फोटो काढून काय करणार? म्हणाले, "मला माहीत असेल ना लाल आहे ते."

त्या गुरुवारी वाडा गाव मागे टाकून आम्ही चढाच्या रस्त्याला लागलो तेव्हा नुकतं दिसायला लागलं होतं. तेव्हा तो रस्ता अरुंद होता, दिवसातून एखादी एसटी, सकाळी दुधाची गाडी, बाकी कोणी नाही. एका वळणावर दगडी कठडा ढासळला होता. तिथे स्कूटर लावली. डाव्या हाताला डोंगर आणि दाट झाडं, उजव्या हाताला उतार. थंडी अशी की बोटं वळत नव्हती.

अर्धा तास उभे राहिलो. काही नाही. मला आडोशाला जायची वेळ आली. त्यात लाजायचं काही नाही, पहाटेपासून चहा पिऊन थंडीत उभं राहिलं की बाईला जावं लागतं. मी सुतळी मनगटातून काढली, कठड्याच्या दगडाला अडकवली आणि ढासळलेल्या जागेतून चार पावलं खाली कारवीच्या आड गेले.

परत येताना वर बघितलं तर हे हललेलेच नव्हते. पण उभं राहणं वेगळं होतं. मान पुढे, कोपर छातीला घट्ट. मी ह्यांच्या नजरेच्या रेषेत बघितलं आणि मलाही दिसला. रस्त्यावर झुकलेल्या एका आडव्या फांदीवर, आमच्याकडे पाठ करून, कर्णा बसला होता. अगदी गप्प. म्हणूनच मला ऐकू आला नव्हता.

मी तिथल्या तिथे थांबले. पाऊल उचललं असतं तर वाळका पाला वाजला असता. ज्या मातीवर मी थांबले होते ती भुसभुशीत होती, पावसानं खालून पोकळ केलेली. ती पायाखाली बसायला लागली हे मला कळलं. हळूहळू बसत होती. तेव्हा एक उडी मारून मला रस्त्यावर येता आलं असतं. हात पसरून कठड्याचा दगड धरता आला असता. मी केलं नाही. मनात म्हटलं, ह्यांचा फोटो होऊ दे, मग हलते. दोन वर्षं झाली होती.

आणि माझा मूर्खपणा एवढ्यावर थांबत नाही. माती सुटली, मी घसरले, तेव्हाही पहिल्या क्षणाला मी ओरडले नाही. बहिऱ्या माणसाला ऐकू जाणार नाही म्हणून नव्हे. पक्षी उडेल म्हणून. ओरडावंसं वाटलं तोवर छाती दगडावर आपटली होती.

पुढचं वर सांगितलंच आहे.

त्या दोन दगडांनी पाय धरला म्हणून मी खाली गेले नाही. पाय मोडला होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एका हातात मूळ होतं. मी जरा हलले की बारके दगड खाली जायचे आणि ते कुठेतरी टेकल्याचा आवाज यायला वेळ लागायचा. पहिल्यांदा मी तो वेळ मोजला, मग मोजायचं सोडून दिलं. मूळ हळूहळू मातीतून वर येत होतं.

पुढे लोकांनी मला विचारलं आहे, तेव्हा मनात काय आलं. देव आठवला का, आईवडील आठवले का. खरं सांगते, मला मटकी आठवली. घरी मटकी भिजत घातली होती, आज परत नाही गेले तर मोड फार लांब येतील आणि वास मारेल, हे डोक्यात होतं. मग पोरं आली मनात. थोरला सहावीत, धाकटी दुसरीत. मग वाटलं, हे आता फोटो काढून वळतील, मी दिसणार नाही, मला हाका मारतील आणि मी ओ दिली तरी ह्यांना कळणार नाही. ह्यांनी कुठून शोधायचं मला?

लहानपण, शेत, माळा, गोफण... ह्यातलं काहीही माझ्या मनात तेव्हा नव्हतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ह्यांची पाठ हलली. हे वळले, आणि तरातरा कडेला आले. चेहरा रागानं लाल. खाली बघायच्या आधीच ह्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं आणि दबक्या आवाजात, म्हणजे ह्यांच्या मते दबक्या, ओरडले,

"ए पोरी! गप! गप बस जरा!"

आणि मग मी दिसले.

ह्यांचा तो चेहरा मी लिहू शकत नाही. एवढंच सांगते की जो कॅमेरा हे जेवतानासुद्धा मांडीवर घेऊन बसायचे, तो ह्यांनी गळ्यातून काढून रस्त्यावरच्या धुळीत ठेवला. स्कूटरला सामान बांधायचा दोर होता, तो कठड्याच्या उभ्या राहिलेल्या भागाला बांधला, आणि बसून घसरत माझ्यापर्यंत आले. इतकी वर्षं तापलेलं लोखंड सांडशीत धरलेले हात. पाय अडकवणारा एक दगड ह्यांनी दोन हातांनी उपटून काढला. दोराचं टोक माझ्या कमरेला बांधलं, मला पाठीवर घेतलं आणि चढले. वर आल्यावर रस्त्यात मला मांडीवर घेऊन बसले आणि सारखं म्हणत होते, "इंदे, बोल. इंदे, बोल की." मी बोलत होते. आवाज नव्हता, पण ओठ हलत होते. ह्यांना ते दिसत नव्हतं, कारण ह्यांचे डोळे भरले होते. मी ह्यांच्या तळहातावर बोटानं वाजवलं. टुक, टुक, टुक. तेव्हा कुठे शांत झाले.

तेवढ्यात दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हर खेडचा होता, चांगला माणूस. मागे कॅन भरलेले, म्हणून आम्हाला पुढच्या बाकड्यावर घेतलं. कॅमेरा ह्यांनी परत गळ्यात घातला, स्कूटर तिथेच राहिली. माझा पाय ह्यांच्या मांडीवर. गाडी उताराला लागली आणि हे एकदम मोठ्यानं बोलले, बहिरी माणसं बोलतात तसं,

"पण ती पोरगी कुठं गेली?"

ड्रायव्हर दचकला. "कंची पोरगी?"

ह्यांना ते ऐकू आलं नाही. हे आपले बोलतच होते, "तिच्या घरी कुणाला तरी सांगायला पाहिजे. एवढ्या कडेला एकटी पोर सोडतात का? पाखरं हाकायला जागा तरी कुठली बघितली हिनं!"

ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. "ताई, हितं कोण पाखरं हाकतंय? ह्या वळनाच्या आसपास शेत न्हाई. समदं रान हाय. ज्वारीचं एक ताट न्हाई दिसायचं तुमाला."

मी ह्यांच्याकडे तोंड करून ओठांनी विचारलं, कोण पोरगी?

"अगं तीच. मी कर्ण्याचे तीन फोटो काढले. चौथा काढतोय तर ही ओरडायला लागली खालून. म्हटलं गेला आता पक्षी. तिला गप करायला आलो तर तिथं तू."

ड्रायव्हरनं गाडी हळू केली. मग मला म्हणाला, "ताई, पाव्हनं बहिरं हायेत न्हवं?"

मी मान हलवली.

"मग ऐकलं कसं?"

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. दुखत इतकं होतं की सुचणार कुठून. मी ह्यांचा हात ओढला आणि तळहातावर चौथी शिकलेल्या बाईच्या अक्षरात बोटानं लिहिलं... ऐकू आलं?

ह्यांनी हाताकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग उजवा हात उचलून कानाला लावला, डासाला मारतो तसा, आणि तसाच धरून ठेवला. पुढचं गाव आलं तरी हात तिथेच.

गाव गेल्यावर मी परत लिहिलं. काय ओरडत होती?

हे ड्रायव्हरकडे बघून संकोचले. मग माझ्या कानाशी तोंड आणून हळू बोलले. चार वर्षांत हे पहिल्यांदा हळू बोलले.

"'हाऽऽ रे हाऽऽ. काकाचं खा, काकाचं खा, आमचं नको रेऽऽ.' असं."

ड्रायव्हरला ऐकू गेलंच. तो खो-खो हसला. "म्हंजी पोरगी लई हुशार हाय की!"

मी हसले नाही. माझ्या अंगावर काटा आला, आणि मोडलेल्या पायावरही आला.

आता हे काय ते सांगते. आमच्या शेताच्या बांधापलीकडे माझ्या चुलत्याचं शेत होतं. त्यानं बांध कोरून आमच्यात दोन हात घुसवला होता. त्याचं नाव निघालं की वडील ताटावरून उठायचे. मी दहा वर्षांची. मला वाटलं, पाखरांना नुसतं हाकून काय होणार, त्यांना जायला जागा सांगितली पाहिजे. म्हणून माळ्यावर उभी राहून मी ती आरोळी बनवली. काकाचं खा, काकाचं खा, आमचं नको रे. जेमतेम आठवडाभर ओरडले असेन. मग वडिलांनी ऐकलं. आधी तोंड वळवून हसले, मग मला माळ्यावरून खाली घेतलं आणि म्हणाले, "इंदे, भांडण मोठ्यांचं हाय. पाखरांच्या तोंडी घालू नकोस. पुन्हा म्हनायचं न्हाई, कुनाला सांगायचंबी न्हाई." मी पुन्हा म्हटलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. लग्न होऊन आल्यावर तर नाहीच, माहेरची भांडणं सासरी कशाला सांगायची?

ह्यांना ते शब्द कुठून कळले?

मी शोध घेतलाच. मी सहज सोडणारी नाही. पायाला प्लास्टर असतानाच भावाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "आक्का, मी तवा पाळन्यात होतो." आईला विचारलं, तिला आठवत नव्हतं, ती त्या वेळी चुलीपाशी असायची. वडील आणि चुलता, दोघंही ह्या प्रसंगाच्या आधीच वारले होते. तापात कधी बरळले असेन म्हणावं, तर ह्यांना ऐकू यायचं तेव्हा मला ताप आलेला आठवत नाही.

ह्यांना मी कानाच्या डॉक्टरकडे नेलं. अपघाताच्या सहा महिने आधी त्यांनी कानाला यंत्र लावून कागदावर रेघ काढली होती. आता परत काढली. दोन्ही कागद शेजारी ठेवले, रेघ तीच. डॉक्टर म्हणाले, "बाई, तार जळाली की तिच्यातून करंट येत नाही. एक दिवस येतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही, असं तर होतच नाही."

मी म्हटलं, "मग आमचा आला तो कसला?"

ते म्हणाले, "दगड पडल्याची धडधड पायाला जाणवली असेल. मेंदू मग काहीही बनवतो."

असेल. मी डॉक्टर नाही. पण धडधडीला काकाचं नाव कसं कळलं, हे त्यांनी सांगितलं नाही.

आणि फोटो आहेत. चिंचवडच्या स्टुडिओत रोल धुतला. पहिले तीन फोटो जवळजवळ सारखे, कर्णा पाठ करून बसलेला, मान झाडाकडे. चौथ्यात त्याची मान पूर्ण मागे वळलेली आहे. उताराकडे. मी जिथे होते तिकडे. डोळा स्पष्ट दिसतो. त्यानंतर तो उडाला. म्हणजे त्यानंही काहीतरी ऐकलं. आता माझा थोरला म्हणतो, आई, तुझ्या हातून सुटलेले दगड ऐकले असतील. दगड तर आधीपासून सुटत होते, तेव्हा तो का नाही वळला?

मी मात्र काहीही ऐकलं नाही. ना पोरगी, ना आरोळी. आणि मी तिथेच होते, कान शाबूत असलेली.

पुढच्या हिवाळ्यात ह्यांनी परत तिथे न्यायचा हट्ट धरला. माझा पाय जोडला गेला होता, थोडी लचकत चालायचे, अजून चालते. ह्यांनी मला उताराकडे पाऊल टाकू दिलं नाही. कठडा नवीन बांधला होता, त्याला टेकून उभं केलं. सुतळी माझ्या मनगटाला बांधली, दोन गाठी मारून. मग रस्त्याच्या मध्यावर जाऊन माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "ओरड."

"पाखरं उडतील," मी म्हटलं. ते काय ऐकणार?

आजूबाजूला कोणी नव्हतं तरी मला लाज वाटली. पस्तिशी उलटलेली बाई, दोन पोरांची आई. मग ओरडले. हाऽऽ रे हाऽऽ, काकाचं खा, काकाचं खा... सगळी दरी घुमली. कुठून कुठून पाखरं उठली. हे तसेच उभे. परत ओरडले. तिसऱ्यांदा तर घसा फाटेपर्यंत ओरडले.

थोड्या वेळानं हे वळले. "लाजतेस काय? ओरड ना."

मी तीन बोटं दाखवली.

"तीनदा?"

मी मान हलवली. हे खाली बघायला लागले. मग म्हणाले, "पोरीचा आवाज बारीक होता. तुझा आता तसा नसेल."

मी ह्यांच्यासमोर जाऊन ओठ मोठे करून म्हटलं, "माझा आवाज आता कसा आहे, तुम्हाला काय माहीत?"

"नाही माहीत," म्हणाले. "कान जाताना जो होता तो डोक्यात आहे. बाकी सगळा हॅमर."

आणि हात पुढे केला. कुठेतरी वर तांबट बोलत होता. मी तो ह्यांच्या हातावर वाजवला.

ह्यांना नंतर कधीच काही ऐकू आलं नाही. भोंगा नाही, पोरांच्या लग्नातला बँड नाही, नातवाचं रडणं नाही. आयुष्यातली ती एकच वेळ. ती कुणाची हाक होती, कोणत्या गळ्यातून आली, आणि माझी असेल तर मी ती मारली कधी, हे मला माहीत नाही. चौथा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे. येणारे विचारतात, पक्षी कुठला? मी सांगते, कर्णा, लाल असतो.

त्या सकाळी त्या वळणावर आम्ही दोघं होतो, तिसरं कोणी मला दिसलं नाही. दोघंही घरी आलो. हे त्यानंतर बावीस वर्षं जगले. मी अजून आहे.